टॉवरच्या नावे

झुलालनानांच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा गावात कोणाचंही डोकं दुखत नव्हतं. उलट पेढे वाटले गेले. त्याआधी रावेरच्या व्यापाऱ्याला केळीचा भाव विचारायचा, तर माणसाला पाण्याच्या टाकीवर चढावं लागे, आणि भाव ऐकल्यावर उतरताना जपून उतरावं लागे. टॉवर आला आणि लोक ओट्यावर, गोठ्यात, जिथे असतील तिथून बोलायला लागले. मग कधीतरी गावाला कळलं की कंपनी नानांना दर महिन्याला भाडं देते. गावाची तब्येत बिघडली ती तिथून.

मी सोयरिकी जमवतो. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. पण हौसेलाही सवयी जडतात. समोरचा माणूस दिसला की त्याच्या जमेला काय आणि नावे काय, हे मी मनातल्या मनात मांडायला लागतो. गावाच्या दुखण्यांकडे मी तसंच पाहिलं तेव्हा लक्षात आलं की टॉवर आपल्या गच्चीवर यावा म्हणून ज्यांनी कंपनीच्या माणसाला जेवायला घातलं होतं, त्यांच्याकडे डोकेदुखी सगळ्यात जोरात होती. नानांच्या शेजारच्या पुनाने तर त्याला शिरा-पुरीचं जेवण घातलं होतं. त्यामुळे पुनाचे केसही गळत होते. पुनाचे वडील तरुणपणीच टकले झाले होते आणि त्यांच्या काळात गावात साधा फोनसुद्धा नव्हता. पण हे पुनाला सांगणार कोण?

पुढे मंदाबाईची म्हैस आटली. ती म्हातारी झाली होती, मंदाबाईही म्हातारी झाली होती, पण दोष टॉवरचा. केळीची पानं पिवळी पडली तेव्हा कृषी खात्याचा माणूस येऊन सांगून गेला, की हा व्हायरस आहे, रोगट झाडं उपटून पुरून टाका, नाहीतर सगळी बाग जाईल. झाडं उपटायला अंगमेहनत लागते. टॉवरकडे बोट करायला एक बोट पुरतं. गावाने बोट केलं, आणि रोग शेजारच्या बागेत गेला. आता टॉवरच्या लहरींनी एवढं सगळं होतं हे गावाला कळलं कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवरून. टॉवर जवळच असल्यामुळे व्हिडिओ झटकन उतरायचे.

पण या सगळ्या खात्यात सगळ्यात मोठी रक्कम होती ती खुद्द नानांच्या घरातली. नानांना मुलगे दोन. थोरला भूषण सुरतला कापडाच्या मिलमध्ये, धाकटा समाधान घरची केळी बघतो. भूषणचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्याची बायको मेघा सासरी. कारण सासूबाईंचे, म्हणजे ताईबाईंचे, गुडघे दुखतात, गोठ्यात जनावरं आहेत, बागेत मजूर असले की त्यांच्या भाकरी असतात. शिवाय सुरतची खोली लहान, त्यात भूषणसोबत गावाकडची आणखी पोरं. मेघा इथे, भूषण तिथे. तो दिवाळीला येई, आणि आल्याची बातमी गावभर होईपर्यंत परतीची गाडी धरी.

पहिल्यांदा ताईबाईंनी वाट पाहिली. मग नवस झाले, उपास झाले, दंडाला ताईत झाला. नळावर पाणी भरताना बायका मेघाच्या हंड्याकडे न बघता पोटाकडे बघत. रावेरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "हिच्यात काही खोट नाही. पुढच्या वेळी नवऱ्याला बरोबर आणा." ताईबाईंनी पुढच्या वेळी दुसरा ताईत आणला.

अशात टॉवर आला, आणि कोणीतरी कुठूनसं वाचून सांगितलं की टॉवरखालच्या घरात मूल होत नाही. झालं! ताईबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टॉवरच्या आधीची वर्षं कोणी हिशेबात धरलीच नाहीत. मेघाचे उपास सुटले. ताईत कुठल्याशा डब्यात गेला. नळावरच्या बायका आता तिला म्हणायच्या, "तू तरी काय करशील बाई, वर तो राक्षस उभा." मेघा मान खाली घालून हंडा उचले. दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टरला, विळ्या-कोयत्यांना झेंडूची माळ घालतात. त्या दसऱ्याला मेघाने गच्चीवर जाऊन टॉवरच्या एका पायालाही माळ बांधली. नानांना वाटलं, सुनेला भाड्याची कदर आहे. मला जे वाटलं ते मी कोणाला बोललो नाही.

पण मेघाला जी सावली मिळाली, तीच समाधानच्या डोक्यावर ऊन होऊन आली. त्याची स्थळं मोडायला लागली. पोरगा निर्व्यसनी, घरची बाग, ठिबक, बोअरला पाणी. आणि तरी मुलीकडचे लोक गावात येत, मान वर करून गच्चीकडे बघत, चहा अर्धा ठेवून उठत. "तुमचं सगळं चांगलं आहे हो, पण..." यातल्या 'पण'चं बोट थेट वर जाई.

नाना एके दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसले. "भो, तूच काहीतरी कर. पोरगं तिशीला आलं. मले रात्री झोप नाही."

"टॉवरमुळे?" मी विचारलं.

"तू पण?" म्हणत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत चहा सांगितला.

मी धुळ्याचं एक स्थळ आणलं. मुलगी ज्योती, जळगावच्या एका पाइप कंपनीच्या ऑफिसात कामाला, अर्धं काम घरूनच करणारी. वडील पंडितभाऊ, शांत माणूस. इतका शांत की त्यांच्या घरातले सगळे निर्णय मुलीचे मामा घ्यायचे. मामांचं नाव जितेंद्र. आणि खरी अडचण इथेच होती, कारण जितेंद्रमामा म्हणजे टॉवरचे हाडवैरी. स्वतःच्या गल्लीत टॉवर येऊ नये म्हणून घरोघर सह्या गोळा करणारा माणूस. फोनच्या पाठीला त्यांनी शेणाची वाळवलेली चकती चिकटवली होती. ती लहरी पिते. शर्टाच्या खिशात फोन कधी नाही; काळजाला धोका. आणि कानाला तर अजिबात नाही. लहर कानातून सरळ मेंदूत. त्यामुळे मामा बोलायचे ते फक्त स्पीकरवर, हात लांब करून. त्यांच्या घरातलं काहीही त्यांच्या गल्लीपासून लपलेलं नव्हतं.

लग्नाच्या बोलणीत मुलाचं वय लपवता येतं, मुलीचा चष्मा लपवता येतो, काकाचं दारू पिणंही एक दिवस लपतं. टॉवर कसा लपवणार? मग मला सुचलं. थंडीचे दिवस होते. आमच्याकडे थंडीत पाहुण्यांना घरात बसवत नाहीत, मळ्यात भरीत पार्टीला नेतात. धुळ्याच्या मंडळींना गावात आणायचंच नाही. बाहेरच्या रस्त्याने सरळ बागेत. केळीच्या बागेत शिरलं की आभाळसुद्धा पानांच्या फटीतून बघावं लागतं. टॉवर कुठून दिसणार?

ठरल्याप्रमाणे झालं. पंडितभाऊ, जितेंद्रमामा, ज्योती आणि तिच्या घरच्या दोघी-तिघी बायका गाडीतून उतरले ते थेट बागेतल्या मोकळ्या जागेत. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी लांब वांगी खरपूस भाजत होती. बडगीत, म्हणजे आमच्या ठेचायच्या लाकडी भांड्यात, मिरच्या आणि लसूण ठेचला जात होता. ताईबाई आणि मेघा ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी टाकत होत्या. पुनाला मीच बोलावलं होतं. गावात मागे सोडला असता तर कोणाकोणाला काय सांगत बसला असता, नजरेसमोर बरा.

मामा सतरंजीवर टेकले, फोन बाहेर काढला, रेंजच्या काड्या बघितल्या आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अरे वा! बठ्ठ्या काड्या भरेल शेत! आम्हनाकडे फोन लावाले गच्चीवर जानं पडस."

नानांच्या हातातला पाण्याचा तांब्या थबकला.

"आठे टॉवर कोठे शे?" मामांनी सहज विचारलं.

"रावेरकडचा असेल," मी म्हणालो. "आज वारा तिकडूनच आहे."

मामांनी मान डोलावली. वाऱ्याचं त्यांना पटलं. मग त्या भरलेल्या काड्यांचा फायदा घेऊन त्यांनी सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात कोणीतरी शहरी बाबा पांढऱ्या कोटात सांगत होता की टॉवरच्या लहरी रक्तातलं पाणी उकळवतात. व्हिडिओ कुठे अडकला नाही, गोल फिरला नाही, एका दमात शेवटपर्यंत चालला. पंडितभाऊ व्हिडिओकडे न बघता वांग्यांकडे बघत होते.

भरीत झालं. केळीच्या पानांवर वाढलं गेलं. ज्योती आणि समाधान जरा बाजूला, एका घडाखाली उभे राहून बोलले, ज्योती हसलीसुद्धा. माझ्या मनात जमेची बाजू भरत चालली होती. पुना म्हणाला, "पाणी सोडेल आहे, जरा पाहून येतो," आणि अर्धी भाकरी हातात घेऊन केळीत शिरला.

एवढ्यात मामांचा फोन वाजला. मामांनी हात लांब केला, बोट लावलं, आणि फोन सतरंजीवर ठेवून खुशाल घास घेतला.

"मामा, ओळखलं का? ते तुमचे साडूभाऊ म्हणे, त्यांनी नंबर दिला," फोन म्हणाला. "चौकशी करा म्हणले होते ना तुम्ही त्याईले, म्हणून सांगतो. टॉवर त्याईच्याच गच्चीवर आहे! तुम्हाले मुद्दाम मळ्यात आणलं. अन् मोठ्या सुनेची ओटी अजून रिकामी आहे, बाई वांझ राहिली. पोरगी देऊ नका. माझं नाव सांगू नका बरं."

सतरंजीवरचे सगळे केळीकडे वळले. कारण आवाज फोनमधून येत होता, आणि त्याच्या किंचित आधी तोच आवाज केळीच्या मागूनही येत होता. समाधान उठला, पानं बाजूला केली. तिथे पुना उभा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात नानांचीच भाकरी.

"मी रेंज पाहत होतो," पुना म्हणाला. हे वाक्यही फोनमधून पुन्हा ऐकू आलं.

मामांनी पान पुढे सरकवलं. नाना उभेच्या उभे. समाधानने ज्योतीकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर मागच्या सगळ्या अर्ध्या राहिलेल्या कपांचा हिशेब आला होता. मेघा तव्यासमोर बसली होती. तव्यावरची भाकरी जळत होती आणि ती उलटत नव्हती. 'वांझ' हा शब्द तिच्या घरात तिच्या पाठीमागे नेहमी बोलला गेला असेल, पण पाहुण्यांसमोर, मोठ्या आवाजात आणि दोन बाजूंनी एकदम, पहिल्यांदाच.

"दखा झुलालनाना," मामा गंभीर झाले. "पोरगा चांगला शे. बाग चांगली शे. भरीत बी चांगलं व्हतं. पण आम्हनी पोर टॉवरखाल मरू देऊ का? टॉवर काढा. मंग पुढलं बोलू."

नानांनी समाधानकडे पाहिलं. मला वाटलं, आता भाडं आणि मुलगा यांचं वजन होणार, आणि त्याला वेळ लागेल. पण नानांना मी ओळखलं नव्हतं. ते लगेच म्हणाले, "काढतो. उद्याच कंपनीला सांगतो."

ताईबाईंनी तव्यापाशी बसूनच हात जोडले. "काढाच! ती पीडा गेली की आमच्या मेघेचीही कूस उजवेल. पुढच्या श्रावणात कानबाई बसेल तेव्हा घरात पाळणा हलला पाहिजे."

मी मेघाकडे बघत होतो. हिशेब करणारा माणूस दुसऱ्याला हिशेब करताना लगेच ओळखतो. टॉवर जाणार. मग पुढची कानबाई येणार. भूषण सुरतला असणार. पाळणा रिकामा असणार. आणि या वेळी वर बघायला काही उरलेलं नसणार.

तिने जळालेली भाकरी तव्यावरून काढली, पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली. "नाना, टॉवर काढू नका."

सून पाहुण्यांत बोलली. ताईबाई तर हबकल्याच. "काब्र वं मेघे? येड लागलं का?"

"टॉवर काढला आणि पुढच्या कानबाईलाही पाळणा हलला नाही, तर बोट कोणाकडे जाईल, आत्या? तो आहे तोवर सगळे वर बघतात. तो गेला की माझ्याकडे." ती ताईबाईंकडून नानांकडे वळली. "काढायचाच असेल, तर आधी मला सुरतला पाठवा. मग खुशाल काढा."

"सुरतला? खोली लहान आहे ती..." नाना पुटपुटले.

"मी पण फार मोठी नाही, नाना."

"अन् माझे गुडघे? गोठा?" ताईबाई.

"गुडघ्याला औषध मिळतं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? नवऱ्याला घेऊन या. तुम्ही ताईत घेऊन आलात. टॉवर इथे, मी इथे, आणि हे तिकडे. महिनोन्‌महिने मी त्यांना फोनवरच बघते. काड्या कितीही भरलेल्या असू द्या, आत्या, नवरा काही फोनमधून बाहेर येत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. ती ज्योती होती. तिने तोंडावर ओढणी धरली, पण उशीर झाला होता. तिच्या आईला हसू आलं, मग दुसऱ्या बाईला, आणि पंडितभाऊंना ठसकाच लागला. नाना लाजून केळीच्या बुंध्याकडे बघायला लागले. ताईबाई तव्यावर नवी भाकरी टाकायला लागल्या.

मेघा मात्र हसली नव्हती. ज्योतीला ते दिसलं असावं. ती पुढे येऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिथूनच समाधानला विचारलं, सगळ्यांसमोर, "तुम्ही लग्नानंतर कुठे राहणार?"

"इथंच," समाधान गोंधळला. "बाग आहे ना."

"आणि मी?"

"तुम्ही पण... म्हणजे, माझ्याबरोबरच."

"मग झालं. टॉवर राहू द्या. मला घरून काम करायला रेंज लागते. आणि वहिनींना सुरतला पाठवा. एवढ्या दोन गोष्टी झाल्या तर माझी ना नाही."

"पोरी, तुले समजत नही!" मामा उसळले. "त्या लहरी डोकामा..."

"जितेंद्र," पंडितभाऊ म्हणाले. इतक्या वेळात त्यांचा हा पहिला शब्द, म्हणून सगळे वळले. "तुनी गल्लीमा टॉवर नही. तरी तुनं डोकं रोज दुखस."

"ते शेजारनी गल्लीना टॉवरनं दुखस!"

"मंग आते दुखी राहिनं का? हाई टॉवर तर आठेच जवळ शे."

मामांनी कपाळाला हात लावून पाहिलं. "आते थोडं दुखाले लागनं," ते म्हणाले.

मुलीचे मामा तोंडघशी पडून घरी गेले तर सोयरीक पुढे कुठेतरी अडखळते, हे मला अनुभवाने माहीत आहे. त्यांना उतरायला पायरी हवी होती. मी चटकन म्हणालो, "मामा, गच्चीवर टॉवरभोवती कुंड्यांत केळी लावू. केळीचं पान लहरी पितं. आमच्याकडे जुने लोक सांगतात." जुने लोक असं काही सांगत नाहीत. ते मला त्याच क्षणी, मामांसमोरचं पान बघून सुचलं होतं. मामांनी विचार केला, फोनमागच्या शेणाच्या चकतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हाई शास्त्रीय शे." पान पुन्हा जवळ ओढलं गेलं. सुपारी तिथेच फुटली.

ताईबाई सहजासहजी बधल्या असं नाही. पुढचे काही आठवडे गुडघे फारच दुखले. पण नाना एरवी न बोलणारे; त्यांनी एक दिवस स्वतः गोठा झाडायला घेतला, आणि ते बघवेना म्हणून ताईबाईंनी मेघाची ट्रंक भरायला काढली. भूषणने सोबतच्या पोरांना दुसरीकडे हलवलं. समाधानच्या लग्नाच्या हळदीचा रंग उतरायच्या आत मेघा सुरतच्या गाडीत बसली. जाताना तिने दंडाचा तो जुना ताईत डब्यातून काढून ताईबाईंच्या हातात दिला. म्हणाली, "गुडघ्याला बांधून बघा."

सुरतची खोली खरंच लहान होती. एक खिडकी, आणि खिडकीसमोर, हाताच्या अंतरावर म्हणावा असा, शेजारच्या इमारतीवरचा टॉवर. मेघाने फोनवर दाखवला तेव्हा ज्योती हसून हसून खाली बसली. ताईबाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

त्या वर्षी कानबाईच्या आधीच सुरतहून फोन आला. ताईबाई अंगणात होत्या, ओट्यावर पुना बसला होता. ताईबाईंनी मामांचं बघून लागलेल्या सवयीने स्पीकर लावून फोन लांब धरला, आणि मेघाचा पहिला शब्द ऐकताच स्पीकर बंद करून झटकन कानाला लावला. पुनाला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्याला समजलं ते ताईबाईंचा चेहरा बघून.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं कोणाला आठवलं नाही, आणि भूषणचं श्रेय त्याला द्यायला कोणी तयार नव्हतं. गावाने चर्चा केली आणि निकाल दिला: सुरतचा टॉवर चांगल्या कंपनीचा असणार.

तेवढ्यात धुळ्याहून मामांचा एक व्हिडिओ आला. केळीचं पान मोबाईलच्या लहरी शोषून घेतं, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, असं पांढऱ्या कोटातला एक माणूस त्यात सांगत होता. खाली लिहिलं होतं, सर्वांना पाठवा. मी कोणालाच पाठवला नाही. तरी तो मला आणखी चार जणांकडून आला.

परवा पुनाच्या घरावरून चाललो होतो. आतून साजूक तुपाचा वास येत होता. ओट्यावर कोणी अनोळखी माणूस जेवत होता आणि पुना त्याला आग्रह करून शिरा वाढत होता. मला बघून हळूच म्हणाला, "कंपनीचा आहे. सुरतला ज्याईचा टॉवर आहे, त्याच कंपनीचा. माझ्या गच्चीवर एक बसवून घेतो. पोरीला लेकरू नाही अजून."

"जावई कुठे असतो?" मी विचारलं.

"दुबईला."

"आणि तुझ्या केसांचं काय?"

पुनाने डोक्यावरून हात फिरवला. "छे! केस तर बोअरच्या पाण्यानं गळतात, भो."